पहिल्या दोन वर्षांतली प्रतिजैविके आणि आतड्याचा दाह

आतड्याच्या दाहरोगात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि ते अस्तर महिनोन्‌महिने सुजलेले राहते. पावसाळ्यात जुलाब लागून तीन-चार दिवसांत बरे वाटते, ते दुखणे वेगळे. या रोगाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि शौचावाटे रक्त व आव पडते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. तो आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो, आतडे अरुंद करतो, भगंदर करतो. पहिल्याचे वर्णन लंडनचे सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले, तर दुसऱ्याचे न्यूयॉर्कचे बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये. दोन्ही रोग औषधांनी आटोक्यात राहतात, पण ते मुळापासून जात नाहीत.

मुलांमध्ये या रोगाला आणखी एक अंग असते: वाढ खुंटते. क्रोन्स असलेल्या मुलाला पोटदुखी किंवा जुलाब फारसे नसतानाही वजन व उंची मागे पडू लागते, आणि पुष्कळदा रोगाची पहिली खूण शाळेतल्या वजनकाट्यावरच दिसते. वयात येणे लांबते, रक्त कमी होते, खेळण्याची हौस जाते. घरातले 'अंगाला लागत नाही' म्हणत टॉनिके पाजत राहतात आणि निदानाला वर्ष-दोन वर्षे उशीर होतो.

फार काळ हा युरोप-अमेरिकेचा रोग मानला गेला. भारतात तो नाही, ही समजूत लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजातील अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीने मोडून काढली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून २००७ मध्ये आलेली माहिती त्याहून बोलकी होती. तिथल्या दक्षिण आशियाई मुलांमध्ये या रोगाचे नवे रुग्ण दरवर्षी लाखामागे १५ होते, तर इतर मुलांमध्ये ५. स्थलांतराने माणसाची जनुके बदलत नाहीत. या रोगाशी जोडलेले पहिले जनुक, एनओडी-२, २००१ मध्ये सापडले आणि पुढे असे शेकडो जनुकीय दुवे हाती आले, पण एका पिढीत एवढा फरक का पडावा याचे उत्तर त्यांत नव्हते. त्यामुळे शोधाची दिशा बालपणीच्या परिस्थितीकडे वळली. प्रसूती कशी झाली, दूध कोणते मिळाले, घरात माणसे किती, पाणी कसले, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत प्रतिजैविके किती वेळा पोटात गेली, हे तपासले जाऊ लागले.

आतड्यातली वस्ती

जन्माच्या वेळी बाळाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. प्रसूतिमार्गातले, आईच्या विष्ठेतले, तिच्या त्वचेवरचे आणि दुधातले जिवाणू काही तासांतच तिथे वस्ती करू लागतात. निव्वळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळात बायफिडोबॅक्टेरियम या गटाचा वरचष्मा असतो, कारण आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचत नाहीत, पण या जिवाणूंना पचतात. वरण-भात, पेज, खिमट सुरू झाले की वस्ती पालटते. तंतुमय अन्नावर जगणाऱ्या जाती वाढतात. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी स्थिरावते.

यातल्या काही जाती तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन. शिवाय दाह आवरून धरणाऱ्या नियामक टी-पेशी तयार होण्यास ते मदत करते. म्हणजे आपले कोण, परके कोण, कोणावर तुटून पडायचे आणि कोणाकडे दुर्लक्ष करायचे, याचे बरेचसे शिक्षण प्रतिकारशक्तीला याच जिवाणूंच्या सहवासात आणि याच काळात मिळते. ब्युटिरेट बनवणारा फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा जिवाणू क्रोन्सच्या रुग्णांमध्ये घटलेला असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्यात तो कमी असतो त्यांचा रोग लवकर उलटतो, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले.

प्रतिजैविकाला यातले काही कळत नाही. फुप्फुसातल्या किंवा कानातल्या जंतूसाठी घेतलेले औषध आतड्यातल्या वस्तीवरही पडते. मोठ्या माणसात तिची बरीचशी तूट लवकर भरून निघते. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबर प्रतिजैविके देऊन पाहिले, तेव्हा दीड महिन्यात वस्ती बहुतेक पूर्वपदावर आली, पण पूर्वी सर्वांत असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही परतल्या नव्हत्या. छत्तीसगडच्या भातशेतीत बियासीची रीत आहे. पेरलेला धान महिनाभराचा झाला की उभ्या पिकात, पाणी साचलेले असताना नांगर फिरवतात. तण मरते, पीक हलते, पण मुळे धरलेली असल्याने ते पुन्हा उभे राहते. मुळे धरायच्या आधीच नांगर फिरला तर काय होते, ते तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पहिल्या वर्षातल्या प्रतिजैविकांबद्दलची शंका नेमकी हीच आहे. फिनलंडमधील ३९ मुलांच्या शौचाचे नमुने जन्मापासून तीन वर्षे तपासले गेले. ज्यांना वारंवार प्रतिजैविके मिळाली होती त्यांच्या आतड्यात जातींचे वैविध्य कमी होते, आणि औषधाला दाद न देणारी जनुके काही काळ वाढलेली होती.

उंदरांवरचा एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन ब्लेझर यांच्या गटाने प्रतिजैविकांनी बिघडलेली आतड्यातली वस्ती गाभण उंदरिणींच्या पोटात रुजवली. या उंदरांमध्ये दाह आवरणारे आयएल-१० हे जनुक मुळातच काढून टाकलेले होते. त्यांच्या पिल्लांना स्वतः कधीच औषध मिळाले नव्हते, तरी आईकडून आलेल्या बिघडलेल्या वस्तीमुळे त्यांना आतड्याचा दाह अधिक झाला. २०१८ च्या या प्रयोगातून दोन गोष्टी पुढे आल्या. बिघाड पिढीतून पिढीत जाऊ शकतो, आणि तो रोगापर्यंत पोहोचण्यासाठी जनुकांची कच्ची बाजूही लागते. नुसत्या बिघडलेल्या वस्तीने धडधाकट उंदीर आजारी पडला नाही.

नोंदवह्यांतून निघालेले आकडे

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. तिथे जुन्या नोंदी उलगडाव्या लागतात, आणि त्या नोंदी ज्या देशांनी सांभाळल्या तिथूनच पुरावा आला. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात औषधांच्या दुकानातली प्रत्येक खरेदी सरकारी नोंदीत जाते. २०१० मध्ये चार्ल्स बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी दाहरोग झालेली ३६ मुले घेतली आणि त्यांच्या बरोबरीची ३६० निरोगी मुले. आजारी मुलांपैकी ५८ टक्क्यांना पहिल्या वर्षात निदान एकदा प्रतिजैविक मिळाले होते, निरोगी मुलांपैकी ३९ टक्क्यांना. गणिताने हा संबंध जवळजवळ तिपटीचा निघाला. औषध देण्याचे सर्वांत मोठे कारण होते कान फुटणे.

३६ मुलांवरून फार काही म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी डेन्मार्कने १९९५ ते २००३ मध्ये जन्मलेल्या ५ लाख ७७ हजार मुलांची नोंद मांडली. प्रतिजैविके घेतलेल्यांत दाहरोगाचे प्रमाण १.८४ पट होते. हा सारा भार क्रोन्सचा होता, तो एकटा ३.४१ पट. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये वाढ दिसली नाही. सात किंवा अधिक वेळा औषध घेतलेल्यांत क्रोन्सचे प्रमाण सातपटीच्या वर गेले. २०१२ मध्ये ब्रिटनमधील दहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या आतड्यातल्या जिवाणूंना मारणारी औषधे पहिल्या वाढदिवसाआधी मिळाली असतील तर धोका साडेपाच पट, आणि पंधराव्या वर्षापर्यंत कधीतरी मिळाली असतील तर दीडपटीच्या आसपास. या औषधांत अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोलसारखी रोजच्या वापरातली नावे आहेत. वय जितके कोवळे तितका संबंध घट्ट, हा या अभ्यासाचा गाभा. त्याच वर्षी फिनलंडमध्येही औषधांच्या खरेदीची संख्या वाढेल तसे क्रोन्सचे प्रमाण वाढताना दिसले, सिफॅलोस्पोरिन गटात सर्वाधिक. २०१४ मध्ये अकरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांमधील क्रोन्सचा धोका २.७५ पट निघाला.

'तिप्पट', 'सातपट' हे शब्द आईबापांची झोप उडवतात, म्हणून मूळ संख्या समोर ठेवायला हवी. डेन्मार्कच्या त्या पावणेसहा लाख मुलांत रोग झाला ११७ जणांना, म्हणजे सुमारे पाच हजारांत एकाला. ब्रिटनमध्ये ७४८ जणांना, म्हणजे चौदाशेहून अधिक मुलांमागे एकाला. दुर्मीळ गोष्ट तिप्पट झाली तरी ती दुर्मीळच राहते. प्रतिजैविके घेतलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांना हा रोग कधीच होत नाही.

संबंध आहे, पण कारण?

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, आणि इथे शंकेला सबळ जागा आहे. क्रोन्स निदानाच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्या काळातल्या पोटदुखीला, जुलाबांना, गुदद्वाराजवळच्या गळवाला डॉक्टर प्रतिजैविकच देतात. मग औषधाने रोग झाला की रोगामुळे औषध घ्यावे लागले? डेन्मार्कच्या अभ्यासात संबंध सर्वांत घट्ट होता तो औषध घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, हे या शंकेला पुष्टी देते. ब्रिटनच्या अभ्यासातला पहिल्या वर्षाचा ठसा मात्र इतक्या सहज पुसला जात नाही, कारण तिथे औषध आणि निदान यांच्यात वर्षानुवर्षांचे अंतर आहे.

दुसरी शंका अशी की दोषी औषध नसून ज्यासाठी ते दिले तो संसर्ग असेल. मॅनिटोबाच्याच नोंदींवर बर्नस्टीन यांच्या गटाने २०१९ मध्ये पुन्हा काम केले आणि पहिल्या वर्षातल्या संसर्गांचा पुढच्या दाहरोगाशी संबंध दाखवला. संसर्ग आणि औषध हातात हात घालून येतात, त्यांना वेगळे करणे नोंदवहीला फार जड जाते. स्वीडनमध्ये त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. त्यात आईने गरोदरपणात घेतलेल्या प्रतिजैविकांचा सहा वर्षांआधी होणाऱ्या दाहरोगाशी संबंध लागला, बाळाला दिलेल्यांचा मात्र लागला नाही. स्वीडनच्याच २०२० च्या मोठ्या अभ्यासात, जो मुख्यतः प्रौढांचा होता, प्रतिजैविके घेतलेल्यांत धोका १.८८ पट दिसला. रुग्णांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केल्यावर तो १.३५ वर उतरला. एका घरातली जनुके, एकच स्वयंपाकघर आणि एकच फॅमिली डॉक्टर हा भाग वजा केल्यावर उरते ते एवढे. थोडे, पण शून्य नव्हे.

भारतीय वाचकाने सर्वांत लक्षपूर्वक पाहावा असा निष्कर्ष आशियातून आला. हाँगकाँगच्या स्यू एनजी यांच्या पुढाकाराने श्रीलंकेसह आशियातले अनेक देश आणि ऑस्ट्रेलिया यांत एकच प्रश्नावली वापरली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ऑस्ट्रेलियात बालपणीच्या प्रतिजैविकांनी धोका वाढलेला होता, आणि आशियाई लोकांत तो उलट घटलेला. क्रोन्समध्ये तर मोठ्या प्रमाणात घटलेला. बारा महिन्यांहून अधिक काळ आईचे दूध मिळालेल्यांतही धोका कमी होता. माणसांच्या आठवणीवर आधारलेल्या उत्तरांना मर्यादा असतात, हे खरे. तरी या उलट्या निकालाकडे डोळेझाक करून युरोपचे आकडे जसेच्या तसे इथे लावणे बरोबर नाही. पोटात जाणारे जंतू, जंत, पाणी, अन्न आणि दूध पाजण्याची रीत इथे निराळी आहे. तेच औषध वेगळ्या वस्तीवर वेगळे वागू शकते.

नवा रायपूर आणि त्याच्या पलीकडची गावे

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि जुन्या रायपूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर नवी राजधानी आखली गेली. मंत्रालय २०१२ मध्ये तिथे हलले. आज नवा रायपूर अटल नगर म्हणतात ते गाव रुंद रस्त्यांचे, सेक्टरांचे, सरकारी वसाहतींचे आहे, आणि त्याच आखणीत राखीसारखी जुनी गावेही आहेत. बालवयातल्या प्रतिजैविकांचे दोन्ही चेहरे इथे काही किलोमीटरांच्या अंतरात दिसतात.

एका बाजूला सेक्टरातले बिऱ्हाड. आईबाप दोघेही नोकरीला, मूल पाळणाघरात, मोजकी माणसे, फिल्टरचे पाणी. रायपूरच्या तात्यापारा, चौबे कॉलनीसारख्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची तरुण घरेही आता याच साच्यातली. अशा घरात ताप दोन दिवस उतरला नाही की 'काहीतरी जोरदार द्या' असा आग्रह होतो. युरोपचे आकडे लागू व्हायचेच असतील तर आधी अशा घरांना लागू होतील, कारण त्यांचे राहणीमान त्या आकड्यांच्या जवळ सरकले आहे. दुसऱ्या बाजूला खेड्यातले मूल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगडमध्ये हजार जन्मांमागे सुमारे ४४ बाळे वर्षाची होण्याआधी दगावतात, देशाची सरासरी ३५ आहे. त्याच पाहणीत सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण छत्तीसगडमध्ये सुमारे ८० टक्के आहे, देशात ६४. आतड्यातल्या वस्तीच्या दृष्टीने ही या राज्याची फार मोठी श्रीमंती आहे, आणि शहरात येऊन ती हरवू नये.

त्या ४४ मधली कितीतरी बाळे न्यूमोनिया आणि नवजात जंतुसंसर्गाने जातात. तिथे प्रतिजैविक म्हणजे जीव. याचा देशातला सर्वांत स्वच्छ पुरावा छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीतून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये तिथल्या शंभरावर गावांत काम सुरू केले. काही गावांत निमवैद्यकीय कार्यकर्ते, आरोग्यसेवक आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्सॅझोल द्यायला शिकवले. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू त्या गावांत इतर गावांच्या मानाने ५४ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात ३९ गावांतल्या प्रशिक्षित बायांनी घरीच नवजात बाळांची देखभाल केली, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्सॅझोलचे पातळ औषध दिले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

या कामातले एक साधन जवळून पाहण्यासारखे आहे. अक्षरओळख नसलेल्या सुइणीला बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला का, हे कसे कळावे? त्यासाठी बंग दांपत्याने एका फळीवर मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी बसवले. घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या उघड्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. वाळू आधी संपली तर साधा खोकला, औषध नाही. आजही जागतिक आरोग्य संघटनेची मोजणी हीच आहे, फक्त आकडा वयानुसार बदलतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, आणि मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे. छाती आत ओढली जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल तर मोजत बसायचे नाही, दवाखाना गाठायचा. फळीवरचे ते मणी औषध केव्हा द्यायचे हे जितके सांगतात तितकेच केव्हा द्यायचे नाही हेही सांगतात, आणि या प्रकरणातला सगळा प्रश्न तेवढाच आहे.

नवा रायपूरमध्येच श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर तिथे विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळाची छाती वारंवार भरते. अशा बाळाला पहिल्या दोन वर्षांत चार-पाच वेळा प्रतिजैविके मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. पाच हजारांत एकाला होणाऱ्या रोगाच्या भीतीने त्यांत काटकसर करणे म्हणजे आज समोर असलेला मृत्यू पत्करणे.

वाया जाणारी बाटली

खरी काटकसर करायची ती दुसरीकडे. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याचे आणि पाण्यासारख्या जुलाबांचे बहुतेक कारण विषाणू असतात, आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. तरी बाटली दिली जाते. वेल्लोरसह आठ देशांतल्या २,१३४ मुलांना जन्मापासून दोन वर्षे पाहिले गेले, तेव्हा दर मुलामागे वर्षाला सरासरी जवळजवळ पाच वेळा प्रतिजैविके दिलेली आढळली. डेन्मार्कच्या अभ्यासात सात वेळा म्हणजे टोक होते. आपल्याकडच्या भागात ते दीड वर्षात गाठले जाऊ शकते.

वाया जाण्याचे मार्ग ठरलेले आहेत. मेडिकलवर जाऊन मागच्या वेळचीच बाटली मागायची. थोरल्याची उरलेली धाकट्याला पाजायची. गावातल्या झोलाछाप डॉक्टरकडे सुई घ्यायची. जुलाब लागले की ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल यांचे एकत्र पातळ औषध आणायचे. हे शेवटचे विशेष वाईट, कारण यातला दुसरा घटक ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवरच तुटून पडतो, आणि आतड्यातली बहुसंख्य वस्ती त्यांचीच असते. पाण्यासारख्या जुलाबांना लागते ते ओआरएस, झिंक आणि चालू ठेवलेले दूध. झिंकची शिफारस २००४ पासून आहे. शौचात रक्त असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रतिजैविक लागते आणि डॉक्टरने पाहून द्यावे लागते.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची एच-१ मध्ये तिसऱ्या पिढीची सिफॅलोस्पोरिने आणि इतर जबर प्रतिजैविके घातली गेली. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि डॉक्टरचे, रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षे ठेवायचे. अमॉक्सिसिलिनसारखी साधी औषधे साध्या अनुसूचीत राहिली, कारण चिठ्ठीची सक्ती फार कडक केली तर डॉक्टर नसलेल्या गावात न्यूमोनियाचे मूल औषधावाचून राहील. ही अडचण खरी आहे, आणि छत्तीसगडसारख्या राज्यात तर रोजची आहे. तिच्यावरचा उपाय दुकानाच्या काउंटरवर सापडणार नाही. २००२ मध्ये सुरू झालेल्या मितानिन योजनेतली गावातलीच बाई, जी ओआरएस देते आणि केव्हा दवाखान्यात न्यायचे ते सांगते, तिच्यात तो आहे. लसींचाही हातभार मोठा. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात येऊ लागली, न्यूमोकोकसची २०१७ पासून, आणि २०२१ मध्ये ती देशभर पोहोचली. जे दुखणे झालेच नाही त्याला बाटली लागत नाही.

रोग झालाच तर

मुलाला चार आठवड्यांहून अधिक जुलाब, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, खालावणारे वजन, थांबलेली उंची किंवा गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा होणारे गळू असेल, तर प्रतिजैविकाची आणखी एक बाटली देण्याऐवजी तपास करायला हवा. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची चाचणी दाह आहे की नाही हे सांगते, निदान पक्के होते ते दुर्बिणीने आतडे पाहून आणि तुकडा तपासून. रायपूरमध्ये टाटीबंधला २०१२ पासून एम्स आहे, तेव्हा त्यासाठी नागपूर गाठायलाच हवे असे आता नाही. सहा वर्षांआधीच रोग दिसला तर एखाद्या जनुकाच्या दोषाचा शोध घ्यावा लागतो. उंदरांच्या प्रयोगात काढलेल्या आयएल-१० च्या ग्राहकातला दोष माणसाच्या बाळांतही २००९ मध्ये सापडला आहे, आणि अशा काही मुलांना अस्थिमज्जा-रोपणाने बरे करता येते.

भारतात निदानाच्या वाटेवर आतड्याचा क्षयरोग आडवा येतो. तोही लहान आतड्याच्या टोकाशीच बसतो, तसाच व्रण करतो, तसेच वजन उतरवतो. क्षयाचा जंतू तुकड्यात दरवेळी सापडत नाही, म्हणून अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधे देऊन पाहतात. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले असतील तर क्षय, नसतील तर क्रोन्सचा विचार. नुसते बरे वाटण्यावर विसंबून चालत नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांनी काही दिवस हुशारी वाटते आणि तोवर आतडे अरुंद होत राहते.

निदान झाल्यावर आईबापांचा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: लहानपणी दिलेल्या औषधांनी हे झाले का? एका मुलापुरते त्याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. आकडे लाखो मुलांच्या समूहाबद्दल बोलतात, घरातल्या एकाबद्दल नव्हे, आणि न्यूमोनियात दिलेल्या औषधाने ते मूल आज समोर आहे हेही तितकेच खरे असते. त्या अपराधीपणातून पुढे प्रतिजैविके नाकारणे तर अंगाशी येते. क्रोन्समध्ये पोटात किंवा गुदद्वाराजवळ पू झाला तर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल द्यावीच लागतात. सौम्य ते मध्यम रोगात मुलांसाठी पहिला उपचार म्हणून सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषण आहार देतात. त्याने दाह स्टेरॉइडइतकाच उतरतो आणि खुंटलेली वाढही पुन्हा सुरू होते. रोग जोरात असेल तर अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात. ती सुरू करण्याआधी, विशेषतः इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी, शरीरात दडलेला क्षय आहे का हे तपासणे आणि राहिलेल्या लसी पूर्ण करून घेणे गरजेचे असते.